चुकली म्हणालो ती गोळी

८ डिसेंबर, सोम.
टेक्सासहून येऊन आठवडा झाला. आज वर्कशॉपात चहा घेता घेता हरणाची खरी किंमत काढत बसलो. विमान, व्हिसा, तिकडचा शिकारीचा परवाना, ते धरत नाही. काडतुसाच्या डायपायी, म्हणजे साच्यापायी, गेलेले सात महिन्यांचे रविवार. घरात सुमनचा अबोला, जाण्याआधी आणि आल्यावरही. एक हरणी मेली, तिचा फोटो आहे. दुसरीचा नाही. तिला कुठे मांडायचं कळेना, म्हणून बेरीज तिथेच सोडली.

दादाचा गावाहून फोन. फोटो बघून म्हणाला, “हरीण हाय का शेळी ही?” हसलो. हसू आलं हे बरं झालं.

१० डिसें., बुध.
सकाळी कोथरूडच्या कट्ट्यावर. जोगळेकर तयारच होते. “या शिकारी! हरणाने तुमचं काय घोडं मारलं होतं?”
मी रंगवून सांगितलं. दोनशे यार्ड, वारा आडवा, एक गोळी, जागच्या जागी. पेन्सिलीपेक्षा बारीक गोळी, आणि तिचं काडतूस जगात कुठल्या दुकानात मिळत नाही, त्याची मान आवळणारी डाय या हातांनी केलेली. जो. म्हणाले, “म्हणजे हरणाला मान मिळाला.” सगळे हसले. मीही.
परतताना वाटत राहिलं, दोनशे कुठून आलं तोंडात?

१२ डिसें., शुक्र.
एकदा लिहून टाकतो. कुणाला सांगणार नाही, वहीला सांगतो.

टेक्सासचा कार्ल माझं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त टूलमेकर, आता मित्रच. त्याचा छंद असा की बाजारातलं काडतूस घ्यायचं, त्याची मान आवळायची, त्यात बारीक गोळी बसवायची. दारू जास्त, गोळी हलकी, वेग भयंकर. मी डाय केली, त्याला द्यायला घेऊन गेलो, त्याने राहायला आणि शिकारीला ठेवून घेतलं. तिकडे हंगामात चालतं, कायद्याने.

गोळ्या दोन जातीच्या होत्या. एक जड, जाड कवचाची. एक हलकी, पातळ कवचाची, उंदीर-घुशींसाठी काढलेली. कागदावर मारून पाहिल्या. हलकीची तीन भोकं एकात एक, करंगळीच्या नखाखाली झाकतील अशी. जडची विखुरलेली. कार्ल म्हणाला, हरणाला जड घे, हाडावर टिकते. मी म्हणालो, हा कागद बघ. चाळीस वर्षं मायक्रॉनवर पोट भरलं. जे बारीक मोजलं जातं तेच चांगलं, ही आमच्या जातीची खोड. त्याने खांदे उडवले. पाहुणा पडलो ना.

संध्याकाळी मी एका मचाणावर, तो टेकडीपलीकडे दुसऱ्यावर. हरणी आली, तिरकी उभी. मारली. गोळी मांसात शिरल्याचा ‘थप’ नाही आला. कोरडा ‘कट्ट’ आला, फांदी मोडल्यासारखा. मग पळण्याचा आवाज. लेथच्या आवाजावरून मी बेअरिंग कधी जाणार ते सांगतो, मला कळणार नाही? चार पायांचा ठेका नव्हता तो. तीनच पाय पडत होते.
वॉकीटॉकीवर कार्ल: लागली?
मी: चुकली.
कार्ल: रक्त बघितलंस का?
मी: बघितलं. काही नाही.
खाली उतरलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्याच जातीच्या गोळीने दुसरी. बरगडीत. पडली. फोटो तिचा.

१४ डिसें., रवि.
सु.ने मटण आणलेलं. मी वरण-भात मागितला. ती पळी घेऊन उभी राहिली. “अहो, रविवारी मटणाला नाही म्हणणारा माणूस या घरात अजून जन्मला नव्हता.” पित्त झालंय म्हणालो. ती म्हणाली, “पित्त अमेरिकेतून आणलंत वाटतं.” या बाईपुढे आपली हुशारी चालत नाही.

१७ डिसें., बुध.
कार्लची मेल. खूश आहे. त्याच्या क्लबातल्या बऱ्याच जणांना हे काडतूस हवंय, डाय आपल्याच वर्कशॉपातून. सोबत तो एक पत्रक देणार. त्यात शिफारस हलक्या गोळीची, आणि खाली ओळ: ‘भारतातल्या माझ्या मित्राने याच गोळीने हरीण जागीच पाडलं.’ तुझी हरकत नाही ना, विचारतो. पुढच्या आठवड्यात छापायला टाकणार.

त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे. एक चुकली, एक मारली. नेम चुकला तर दोष गोळीचा नसतो.
पण चुकलेली नव्हती. दोन्ही वेळा लागली, त्यातली एकदा हाडावर फुटली. हे मला माहीत आहे आणि त्या हरणीला. आता क्लबातले सगळे तीच गोळी घेऊन मचाणावर बसणार, माझ्या शब्दावर.

१८ डिसें., गुरु.
पोरांना वर्कशॉपात सांगितलं, मोठं काम येतंय. त्यांना झालेला आनंद बघवला नाही. सांगायला नको होतं आधी. स्वतःलाच अडकवून घेतलं, म्हणजे मग खरं बोलायची सोयच उरायला नको. लबाडी ओळखतो मी, स्वतःची असली तरी.

२० डिसें., शनि.
ज्येष्ठ नागरिक संघात ‘माझा अमेरिका प्रवास’. परदेशी जाऊन आलेल्याला आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन बोलायला उभं करतातच, सुटका नाही. गाड्या, मॉल, मुलांची शिस्त यावर वेळ काढला. जोगळेकरच ओरडले, “हरीण! हरीण!” सांगावं लागलं. पुन्हा दोनशे यार्ड.
शेवटी प्रश्न. पुढच्या रांगेतल्या कुलकर्णी मावशी, ऐंशीच्या पुढच्या, शांतपणे: “तिला त्रास नाही ना हो झाला?”
“नाही मावशी. जागच्या जागी.”
“मग बरं. माझी काळजी मिटली.”
टाळ्या. सु. मागे बसली होती. टाळी वाजवली नाही तिने.

रिक्षात: “कोणत्या हरणाचं सांगत होतात?”
“म्हणजे?”
“आल्यापासून झोपेत ‘उतरतो, उतरतो’ म्हणताय. मेलेल्या हरणासाठी कुठून उतरायचं असतं?”
नळस्टॉपचा चौक येईपर्यंत सगळं सांगितलं. रिक्षावाल्याने आरसा नीट केला, ऐकत होता. उतरताना सु. एवढंच म्हणाली: “त्या मावशींना खोटं सांगितलंत ते सांगितलंत. त्या बंदूक घेऊन निघणार नाहीत.”

२१ डिसें., रवि.
दिवसभर मेल लिहिली. पहिल्या मसुद्यात गोळीचे दोष, कवचाची जाडी, वेग. वाचून सु. म्हणाली, “यात तुम्ही कुठे आहात?” खोडलं. मग साधं लिहिलं. हरणीला लागली होती. मला ऐकू आलं होतं. मी खाली उतरलो नाही आणि तुला खोटं सांगितलं. ती गोळी हाडावर फुटते, ती पत्रकात घालू नकोस. माझी ओळ काढ. डायचं काम नाही दिलंस तरी चालेल.
शेवटचं वाक्य लिहिताना हात अडला. चालणार नाहीये. तरी ठेवलं.
पाठवली.

२३ डिसें., मंगळ.
उत्तर नाही. वर्कशॉपात पोरं विचारतात, साहेब स्टील कधी मागवायचं. थांबा म्हटलं.

२४ डिसें., बुध.
नाही.
कट्ट्यावर गेलो नाही. जो.चा मेसेज: ‘शिकारी आजारी की फरार?’

२६ डिसें., शुक्र.
आलं. तीन ओळी. पत्रक थांबवलंय. कामाबद्दल शब्द नाही, रागाबद्दलही नाही. तिकडच्या माणसाचा राग मला ऐकू येत नाही, कागदावर तर नाहीच. एवढंच विचारलंय: ती कुठे उभी होती, कुठल्या दिशेने पळाली, अंतर किती. कुत्रा घेऊन बघून येतो. एवढ्या दिवसांनी काही उरलं नसेल, पण बघतो. दुसऱ्या हरणीचंही अंतर कळव, माझ्या नोंदीत नाही.

सु.ने चहा आणून ठेवला, शेजारी बसली. मचाणाचं चित्र काढलं, ओढा, तारेचं कुंपण, बाण ओढ्याकडे.
अंतर लिहिलं. पहिली: साठ यार्ड. दुसरी: पंचेचाळीस.