उमेदवाराची पारख

३ जून
ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.
कारखान्याच्या वादसभेत काल विषय होता, राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा की लोकप्रतिनिधींनी. मी प्रतिनिधींच्या बाजूने बोलले. उमेदवाराला जवळून पाहणाऱ्या मोजक्या, जाणत्या माणसांनी पारख केलेली बरी, हा माझा मुद्दा. समोर भट्टी विभागातले इंजिनिअर होते. ते म्हणाले, ज्याच्याबरोबर पाच वर्षं काढायची तो ज्याने त्याने स्वतः निवडावा. मुद्दा कच्चा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आवाज शांत, हसताना आधी डोळे हसतात. बाकी विशेष काही नाही. मामींना नमस्कार. माया आहे तेवढीच राहू द्या.
तुमची भाची

९ जून
चि. काटेबाईस,
अ. उ. आ.
दिवसभर वजनकाटे तपासणाऱ्या मुलीने राष्ट्राध्यक्षाइतकीच जागा भट्टीवाल्याच्या बाह्यांना द्यावी? मामी हसून हसून बेजार झाली. तुझ्याच तत्त्वाला धरून मी, मामी आणि तुझी आई असे तीन जाणते प्रतिनिधी बसलो. एकमताने ठरलं, पुढच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन पारख करायची. पत्ता तुमच्या कारखान्याच्या फाटकावर विचारू. तू निश्चिंत राहा.
तुझा लबाड मामा

१३ जून
ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.
फाटकावर काहीही विचारू नका. काल पुन्हा वादसभा होती. प्रत्येक तरुणाने वर्षभर राष्ट्रसेवा केलीच पाहिजे, असं ते म्हणाले. सक्तीने करून घेतात तिला सेवा नाही, वेठ म्हणतात, असं मी म्हणाले. टाळ्या मला मिळाल्या. नंतर चहाच्या टेबलाशी त्यांनी सांगितलं की, त्यांनी स्वतःहून नाव दिलंय. पुढच्या महिन्यात वर्षभरासाठी दूरच्या धरणाच्या कामावर जातील. जाण्याआधी त्यांना मला एक विचारायचं होतं, पण माझं भाषण ऐकल्यावर नुसतं विचारणंही मला सक्तीच वाटेल म्हणून त्यांनी बेत सोडला.

मामा, इतका हुशार माणूस इतका बावळट कसा असू शकतो?

मग मीच विचारलं. थेट. प्रतिनिधी वगैरे न नेमता. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते हो म्हणाले आणि भरला कप बशीऐवजी माझ्या भाषणाच्या कागदांवर ठेवला. आज सकाळपासून मी कारण नसताना हसते आहे. सहकारी काळजीत आहेत.

तर रविवारी तिघेही या, पण फक्त जेवायला. आणि एक अडचण आहे. आता वर्षभर त्यांना पत्रं लिहायची. मायना काय घालतात, तेवढं मामींना विचारून कळवा. तुम्ही स्वतः काही सुचवू नका.
तुमच्या मायेची,
भाची