कौशल्याचं नाव

५ मार्च १९८४
आजपासून सकाळची शाळा. आणि नेमका आजच मोहा पडायला लागला. हे वेळापत्रक करणाऱ्याने मोहाचं झाड पाहिलंय तरी का? फुलं पहाटे वेचायची, शाळा सातला. सातवीत मुलगी एकच, कौशल्या. तीही आली नाही.

१२ मार्च
कौ. आठवडाभर नाही. घरी गेले. अंगणभर फुलं वाळत घातलेली. तिचे बाबा लहानूभाऊ म्हणाले, "मोहा सरला का धाडतो, बाई. हात कमी पडून राह्यले." आणि परीक्षा? पास झाली तर सिंदेवाहीच्या वसतिगृहात आठवीची सोय करून ठेवलीय मी.

२१ मार्च
हजेरीत तिच्या नावावर लाल रेघ ओढली. पोरांकडून निरोप धाडला, नाव कापलं म्हणून. चौथीत माझं कापलं तेव्हा आमचे बाबा धानाची कापणी टाकून, हातात विळा तसाच, शाळेत आले होते. लहानूभाऊही येतील.

२४ मार्च
कोणी नाही.

२८ मार्च
बाजारात लहानूभाऊ. हसून हात जोडले. "बरं केलं बाई, नाव कापलं त. आता शाळेचा तगादा नाई. पोरगी मोकळी झाली." मामाकडे धाडली म्हणे, मुलचेऱ्याकडे. लग्नाचं पाहून राह्यले.
मला वाटलं, सगळ्या बापांना ते तसंच लागतं. मूर्ख बाई. भाजी न घेताच परतले. खूप रडले.

३० मार्च
नाव परत लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, "लिवून काय होते? पोरगी कुठी हाय?"
पोरांनी आज सांगितलं. निरोप गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कौ. आली होती. तेल-वेणी करून, दप्तर घेऊन. पोरं म्हणाली, "तुहं नाव नाई आता." फाटकातूनच परत गेली. मी आत फळ्यावर गणितं लिहीत होते.

१ एप्रिल, रविवार
एस.टी.ने मुलचेरा, पुढे पायी. कौ. टोपलं घेऊन रानातून आली. म्हटलं, नाव लिहिलंय, नऊ तारखेला परीक्षा, चल.
"बाई, कापलं तुमीच ना?"
हो म्हणाले. चुकलं माझं म्हणाले. ती फुलं पसरायला बसली. मीही बसले तिच्याजवळ, पसरत. मग तिने खालमानेनेच विचारलं,
"इतिहासाचा पेपर कोन्त्या दिवशी हाय?"
"बुधवारी, अकरा तारखेला."
मामी दारातून म्हणाली, "त्याच बुधवारी त पाहुणे येऊन राह्यले पोरीले पाहाले."
कौ.ने हात थांबवला नाही. चारची गाडी होती. मी एकटीच निघाले.