विहीणबाईंच्या खादाड पेशी

प्रिय विहीणबाई,

तिकडे तोंग्योंगच्या समुद्रकाठी, खाऱ्या वाऱ्यात बऱ्या असाल. मी मजेत आहे. यंदा पर्सिमनची फळं झकास वाळलीत, पण ते राहू दे.

तुमच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवल्यापासून आपली नात येसल प्रयोगशाळेत तुमचंच रक्त न्याहाळत बसते. म्हणे, नळीतली चरबी साफ करायला खादाड पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून वाट बुजवतात. माझा जळफळाट झाला. बाही वर करून म्हटलं, "माझंही घे की."

काल म्हणाली, "आजी, तुझ्या पेशी कमी फुगतात गं."

मी हुरळले. "मग आता माझ्याच बघ."

"तुझ्या काय बघायच्या? काळजी त्या आजीची आहे. गोळ्या चुकवते ती."

जिंकून हरले बघा. तुम्हाला काही झालं, तर पोरगी माझ्याच मांडीवर रडेल आणि तेही तुमच्यासाठी.

हे पत्र टपालात टाकत नाही, टाकलं तर तुम्ही तिला वाचून दाखवाल. उद्या बसनं स्वतःच येते. गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलणार नाही. येसलनं विचारलं तर सांगेन, पर्सिमन द्यायला गेले होते.

तुमच्यावर जळणारी,
येसलची आईकडची आजी