आधी पहिली

द्वारका, दिल्ली
९ डिसेंबर

श्रीमती शालिनीताई विहीणबाईंना द्वारकेहून गंगुबाईचा मनापासून जयभीम.

आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही बऱ्या असाल. पत्र लिहायचं कारण म्हणजे तुम्ही फोन उचलत नाही. व्हाट्सॅपवर तुमच्या फोटोच्या जागी नुसतं करडं डोकं दिसायला लागलं तेव्हा मला वाटलं, फोन बिघडला. सिद्धांत म्हणाला, आई, तुला ब्लॉक केलंय. अच्छा, म्हटलं, असंही करता येतं. मग कागद काढला. तुम्ही एवढी वर्षं शाळेत बाई होता, लाल पेन हाताशी असेलच, चुका काढत वाचलंत तरी चालेल. मी दुसरी पास. तिसरीत गेले त्या वर्षी धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरी बसले. तो भाऊ आता पुलगावला दुमजली घरात राहतो आणि लग्नाकार्यात मला लांबूनच हात जोडतो. असो.

बातमी गोड आहे म्हणून आधी तीच सांगते. आपल्या नातीची, क्रांतीची शाळा सोमवारपासून उघडतेय. सगळ्या वर्गांच्या आधी पहिलीला बोलावलंय. सिद्धांत शनिवारी सकाळच्या विमानाने तिला आणायला येतोय. मी काल महापरिनिर्वाण दिनाची उरलेली मेणबत्ती पुन्हा लावली, एवढा आनंद झाला. रव्याचे लाडू केलेत. तुमच्याकडच्यासारखे नाहीत, जरा कडक झालेत, पण तिला माझेच आवडतात.

इकडे धूर अजून आहे. पण समोरची बिल्डिंग दिसायला लागलीय, म्हणजे सरकारच्या हिशेबाने हवा सुधारली. मधे तर लिफ्टमधून उतरलं की पार्क कुठे आणि रस्ता कुठे कळत नव्हतं. बी ब्लॉकच्या बाईने कुत्र्याला मास्क लावला होता, कुत्र्याने तो खाल्ला, मग डॉक्टर, मग एक्सरे. त्यांची पोरं घरात, नवरा घरात, आणि ती बाई कुत्र्याला घेऊन दवाखान्यात. मी पार्कात सांगितलं तर सगळ्या हसल्या.

तर शाळेचं सांगत होते. सरकारने सांगितलं, धुरामुळे बंद केलेल्या लहानांच्या शाळा हळूहळू उघडा, कोणती इयत्ता आधी ते ज्याचं त्याने बघावं. तुमची समता तिथे प्राथमिकची मुख्याध्यापिका, म्हणजे ते बघणं तिच्याच गळ्यात. हवा साफ करायची मशीन थोड्याच खोल्यांत, पाचही इयत्ता एकदम मावणार नाहीत. जेवणाच्या टेबलावर रोज तोच विषय. समताचं म्हणणं, आधी पाचवी आणि चौथी. मोठी पोरं मास्क लावून बसतात, छातीत दुखलं तर सांगतात. पहिली-दुसरीची पोरं मास्क चघळतात, एकमेकांचे बदलून घालतात, त्यांना थंडी सरल्यावर बोलवू. सिद्धांत म्हणाला, पण पहिलीची पोरं फोनवर काय शिकणार. मीही तेच म्हटलं. मोठं पोर पुस्तकाकडे बघून शिकतं, लहान पोर बाईच्या तोंडाकडे बघून शिकतं, आधी लहानांना बोलवा. तर समता म्हणाली, आई, भाजी वाढा ना.

मी भाजी वाढली.

मग ती सिद्धांतला म्हणाली, आपली क्रांती पहिलीत आहे म्हणून तर मला पहिली आधी बोलावता येत नाही, लोक म्हणतील, बाईने स्वतःच्या पोरीसाठी केलं. आणि क्रांती नागपूरला आहे ते बरंच आहे, बाबा गेल्यापासून आई नीट जेवत नव्हती, आता दोघी मिळून जेवतात. हे सगळं माझ्यासमोर. मी पातेलं घेऊन उभीच होते.

रावसाहेब गेले त्याचं मलाही वाईट वाटतं ताई, देवमाणूस. मला नेहमी बसायला खुर्ची द्यायचे. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो हे मला कुणी सांगायला नको, मीही तेच भोगलंय. पण एक गोष्ट बोलते. धूर वाढला तेव्हा क्रांतीला न्यायला तुम्ही स्वतः आलात. निघताना लिफ्टजवळ समताला म्हणालात, "इथे घरात हिला शिकवायला आहे तरी कोण?" मी तिथेच होते, क्रांतीच्या स्वेटरची बटणं लावत. तुम्हाला दिसले नसेन. माझी उंची कमी आहे.

मग तिकडून तो व्हिडिओ कॉल. तुम्ही मागे खुर्चीत बसला होता. क्रांती म्हणाली, आजी, शाळा लिहून दाखव. मी लिहून कागद फोनसमोर धरला. पोर म्हणते, "ळ उलटा काढलास. नागपूरची आजी म्हणते, तुला लिहिता येत नाही. तू अनपढ आहेस बिल्कुल." आणि तुम्ही हसलात. मोठ्याने नाही, पण हसलात. फोनमध्ये सगळं दिसतं. त्यानंतर क्रांतीने मला गोष्ट सांग म्हणून कधी फोन केला नाही. आधी रोज करायची, माकडाची सांग, नाहीतर कोल्ह्याची सांग.

असो, लहान पोर आहे. आली की विसरेल.

पालकांच्या सभेला सिद्धांत नोएडाच्या ऑफिसात अडकला म्हणून क्रांतीच्या वतीने मी गेले. चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले. समता वर स्टेजवर, शेजारी शाळेचे मॅनेजर चौधरी साहेब, हरियाणाचा माणूस, मोठा आवाज. समताने पाचवी आधी म्हटलं आणि पहिलीच्या आया उठल्या. कुणाची नोकरी जायला आली, कुणाचं पोर आई म्हणायच्या आधी मोबाईल म्हणतंय. एक बाई उभी राहून म्हणाली, "अपनी को तो साफ़ हवा में नागपुर भेज दिया, हमारे बच्चों का फ़ैसला करने बैठी हैं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समताचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आता हे त्यांना कसं कळलं म्हणाल तर पार्कात बायका विचारतात, माताजी, पोती नहीं दिखती, मग मी काय खोटं बोलू? बुद्धाने खोटं बोलू नये म्हणून सांगितलंय.

घरी येऊन समता पर्स फेकून बसली. म्हणाली, मी माझ्या पोरीला मागे ठेवून बाकीच्यांचा विचार केला, आणि हे बक्षीस. आता चौधरींनी एक शब्द काढू दे, नोकरी तोंडावर फेकते. तुम्ही वाढवलेली पोर, ताई, मोडेल पण वाकणार नाही. तुम्हाला याचा अभिमान होता. लग्नात माझ्या बहिणीला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि तिचा फोन स्वयंपाकघरात वाजला, चार्जिंगला लावला होता. चौधरी साहेब. मी उचलला. म्हणाले, "माताजी, मैडम से कहना, ज़िद छोड़ें, राजीनामा कर लें. पहली वालों को भी थोड़े-थोड़े दिन बुला लें. मैं उनके साथ हूँ." मी जी, जी म्हटलं आणि ठेवला.

समता केस पुसत बाहेर आली. मी म्हटलं, "चौधरी साहेबांचा फोन होता. मॅडमना सांगा म्हणाले, राजीनामा करा."

ती जागीच थांबली. "आणखी काय म्हणाले?"

"जिद्द सोडा म्हणाले."

यात एक अक्षर खोटं नाही. पुढचं सांगणार तर कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बारीक करायला गेले. परत येते तर ती मोबाईलवर टाइप करत होती, केसांतून पाणी गळत होतं, फरशीवर थारोळं. पाठवलं आणि फोन बंद करून टाकला. मी फरशी पुसली, कुणी घसरून पडायला नको.

चौधरी साहेबांना वाटलं, आपण समजूत घालायला गेलो आणि ही बाई नोकरी तोंडावर मारते. त्यांनाही अब्रू आहे. संध्याकाळपर्यंत तिचा राजीनामा मंजूर झाला. तिच्या खुर्चीवर शाळेतल्याच बत्रा मॅडम बसल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, आधी पहिली. सगळ्या आयांनी त्यांना फुलं दिली म्हणे.

नंतर चौधरींनी सिद्धांतला फोन केला तेव्हा उलगडा झाला. सिद्धांत घरी येऊन म्हणाला, "आई, इकडे राजीनामा म्हणजे समझौता गं. ते मिटवून घ्या म्हणत होते." समता सोफ्यावर होती. माझ्याकडे बघत राहिली. विचारलं, "आई, तुम्हाला माहीत नव्हतं?" मी काही बोलायच्या आधी सिद्धांतच म्हणाला, तिला कसं माहीत असेल, दुसरी शिकलेली बाई ती. मग समताच म्हणाली, "मलाही कुठे माहीत होतं," आणि उशीत तोंड घालून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. ती मला बिलगली ताई, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

आता तुम्ही म्हणाल, गंगुबाई, खरंच माहीत नव्हतं? तुम्ही फोन उचलला असता तर हेच विचारलं असतं, म्हणून न विचारता सांगते. आम्ही आधी पालम गावात भाड्याने राहायचो. शेजाऱ्याशी नालीवरून भांडण लागलं, त्याने सिद्धांतच्या बाबांना काठी मारली, पोलिस झाले. शेवटी गावच्या माणसांनी दोघांना खाटेवर बसवलं आणि मिटवलं. कागद झाला, त्याला सगळे राजीनामा म्हणत होते. आधी मी घाबरले, म्हटलं यांची नोकरी गेली. मग शेजारणीने मला समजावलं, हसली, पेढा भरवला. त्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही केली, अंगठा नाही. सिद्धांत तेव्हा पुण्याला कॉलेजात होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याचे बाबा गेले. शेजारीण गेली. आता हे मला माहीत आणि तुम्हाला माहीत.

तुम्ही समताला कळवलंय, नोकरी गेली तर तू इकडे निघून ये, क्रांतीला इथल्या शाळेत घालू. ती येणार नाही. फरीदाबादच्या एका शाळेने तिला भेटायला बोलावलंय, रोज जाऊन-येऊन ती दमून जाईल, पोरीचं सगळं मलाच बघावं लागेल. मी बघीन. आणि हे पत्र तिला दाखवावं असं तुमच्या मनात आलं असेल तर आधी नीट विचार करा. दाखवलंत की ती या घरात एक दिवस राहणार नाही. सिद्धांत माझा एकुलता एक, तो आईला घराबाहेर काढणार नाही आणि पोरीलाही सोडणार नाही. मग कोर्ट, तारखा, मोडलेली मुलगी तुमच्या दारात, आणि क्रांती इकडेच. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला पुढचं दिसतं. मला आपलं हातातलं दिसतं.

शनिवारी सिद्धांतला चहा द्या, कमी साखरेचा. क्रांतीचे लोकरीचे मोजे पाठवा, इकडे गारठा आहे. तुम्ही तिला घेतलेली पाटी तिकडेच असू द्या, इकडे पाटीवर कुणी लिहीत नाही. निघताना तिच्यासमोर रडू नका, पोर घाबरतं आणि विमानात उलट्या करतं. दोन घास जेवत जा. ती आल्यावर जेवायला लागला होता, आता ती सवय मोडू नका.

समता विचारेल, आईंनी एवढं मोठं पत्र काय लिहिलंय. तिला सांगा, खुशाली लिहिलीय.

तुमची नव्हे, क्रांतीची आजी,
गंगुबाई