"मनात वाचा" म्हटलं होतं मी

प्रिय बाबा,

पत्र लिहायला बसले, कारण आज सकाळी आईनं मला एक गोष्ट सांगितली. ती तुमच्याशी बोलल्याशिवाय पचायची नाही. तुम्ही आता नाही, म्हणून कागद.

काल आश्विन पौर्णिमा झाली. आपल्या विहारातलं वर्षावासाचं वाचन संपलं. तीन महिने रोज संध्याकाळी गावातलं कोणीतरी धम्माच्या ग्रंथाची दोन-चार पानं वाचतं आणि बाकीचे ऐकतात. यंदा शेवटच्या दिवसाचं वाचन मला दिलं होतं. मोहाडीहून मुद्दाम आले. एकदाही न अडखळता वाचलं. बाहेर पडताना धनराजकाका, वाचणाऱ्यांची यादी तेच ठेवतात ना, मला म्हणाले, "आवाज अगदी बापावानी आहे तुया. पन त्यायनं कदी वाचलं नाही. दरसाल मी नाव लिहू, एक साल सोडलं तं दरसाल म्हनत, औंदा नको."

मी तिथंच थबकले. तुम्ही? पुस्तकासाठी जीव टाकणारे तुम्ही, वाचायला नाही म्हणत होता?

आईला विचारलं तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आणि सांगितलं. ते काय, ते पुढे लिहिते. आधी मला थोडं मागे जाऊ द्या. लगेच तिथे पोचायची हिंमत होत नाही.

तुम्हाला आठवतं बाबा, आपण दोघं एकाच वर्षी पहिलीत होतो? तुमची शाळा दुसरीतच सुटलेली, गुरं राखण्यात अक्षरं विसरलेली. मी शाळेत जायला लागले आणि तुम्ही संध्याकाळी ओट्यावर माझ्या शेजारी बसायला लागलात. पाटी एक, पेन्सिलीचे तुकडे दोन. मी गिरवायची, मग तुम्ही. गुरुजींसारखा आवाज काढून मी तुम्हाला रागवायची. तुम्ही "हो बाई, चुकलं बाई" म्हणायचात. 'न' आणि 'ण'वरून तर आपलं भांडण व्हायचं. "सारं गाव पानीच म्हनते. मंग हा दुसरा न कायले पायजे, माय?" याचं उत्तर आज मी मराठीची शिक्षिका असूनही मला धड देता येत नाही!

मग तुम्ही सुटलातच. खताच्या पोत्यावरचं वाचायचं, एसटीच्या पाठीवरचं वाचायचं, भज्याच्या कागदावरचं वाचायचं. एकदा मोहाडीच्या बाजारात भजे खाऊन झाले आणि तेलकट कागदावर अर्धीच गोष्ट निघाली. तुम्ही उठून भजेवाल्याकडे परत गेलात. "याच्या पुढचा कागद आहे का जी?" त्यानं बिचाऱ्यानं अख्खा गठ्ठा शोधला. नाहीच मिळाला. घरी येईपर्यंत वाटभर तुम्ही त्या गोष्टीचा शेवट स्वतःच रचत होता, आणि दर मैलाला तो बदलत होता.

वाचायचे तुमचे खरे दिवस म्हणजे हेच. पाऊस गेलेला, उशिराचा भारी धान निसवलेला, लवकरचा हलका धान अजून कापायला यायचा. पंधरा-वीस दिवस हाताला काम कमी. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो की तुमची कापडी पिशवी पुस्तकांनी भरलेली असायची. दुपारी अंगणात ऊन कोवळं झालं की चटई पडायची. आई तलावावरून आलेले शिंगाडे उकडायची. काळा चहा. धानाच्या फुलोऱ्याचा वास शेताकडून येत राहायचा. आणि तुम्ही चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं वाचायचात. "त्या-नं... दा-र... उ-घ-ड-लं. दार उघडलं!" आधी तुकडे, मग अख्खा शब्द, आणि तो लागला की जिंकल्यासारखा आवाज.

समोरच्या गिरजाआजीला अक्षर येत नव्हतं. ती तुमच्या आवाजावर यायची. भिंतीला टेकून बसायची आणि विचारायची, "बापू, त्या बाईचं काय झालं मंग? सासरी गेली का नाही?" तुम्ही म्हणायचात, "थांब आजी, मलेच कुठं मालूम आहे!" आई शिंगाडे सोलता सोलता गोष्टीतल्या माणसांना शिव्या घालायची. मी तुमच्या पाठीला पाठ लावून माझं पुस्तक वाचायची. तुमचा आवाज तुमच्या पाठीतून माझ्या पाठीत यायचा. त्याहून मोठं सुख मला नंतर कुठे मिळालं नाही. तेव्हा ते सुख आहे हेच कळलं नव्हतं.

आईनं सांगितलं त्याच्या आधी, माझ्या हातून झालेलं ते लिहिते.

मी भंडाऱ्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीसाठी तुम्ही मला न्यायला आलात. माझा तास सुटायचा होता म्हणून शिपायानं तुम्हाला वाचनालयात बसवलं. धुतलेलं पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. समोर मासिकं पडलेली. इतकी पुस्तकं एका खोलीत बघून तुम्हाला काय वाटलं असेल! तुम्ही एक मासिक उचललंत आणि वाचायला लागलात. आपल्या अंगणात वाचायचात तसंच.

मी मैत्रिणींबरोबर दारात आले तेव्हा मुलं तोंडावर वही धरून हसत होती. एक जण तुमच्यासारखे शब्द तोडून दाखवत होता. माझ्या मैत्रिणींपैकी कोणी हसलं नाही, हे खरं सांगते. लाज वाटली ती मला एकटीलाच. मी भरभर तुमच्याजवळ आले आणि दातांत आवाज दाबून म्हणाले, "बाबा, मनात वाचा ना! सगळे बघताहेत."

तुम्ही वर बघितलंत. आधी माझ्याकडे, मग त्या मुलांकडे. "हो माय," म्हणालात. मासिक मिटून, होतं तिथं, होतं तसं ठेवलंत.

बाबा, तुम्ही रागावला का नाहीत? "ज्या बापानं तुले शिकवलं त्याची लाज वाटते का वं?" एवढं जरी बसमध्ये म्हणाला असतात, तर मी तिथेच रडले असते आणि संपलं असतं. पण तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मधेच म्हणालात, "धान बरा दिसून रायला इकडं." बस्स.

त्यानंतर तुम्ही ओठ मिटून वाचायला शिकलात. मला वाटलं, वा, बाबांची प्रगती झाली! मैत्रिणींना मी कौतुकानं सांगितलं, "आमचे बाबा आता मनात वाचतात." अंगण शांत झालं हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. गिरजाआजीनं एकदा विचारलं होतं, "तुया बापाचा आवाज बसला का वं?" मी हसून सोडून दिलं.

मग नोकरी लागली, मोहाडीला खोली घेतली. एवढ्याशा अंतरावर राहून मी महिना महिना घरी येत नव्हते. दरवर्षी या दिवसांत तुमचा फोन यायचा. "शिंगाडे आले, माय. दोन रोज येऊन जाय." आणि दरवर्षी मी म्हणायची, "सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, बाबा." मागच्या वर्षी आले ती एका दुपारपुरती. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तुम्ही पुस्तक माझ्यासमोर धरलंत. "बारीक अक्षर आहे. दोन पानं वाचून दाखव ना." मी एक पान वाचलं, तेही फोनकडे बघत बघत. चारची गाडी होती. "पुढच्या वेळी पूर्ण वाचू," म्हटलं. तुम्ही पानात काडी घालून पुस्तक मिटलंत. "जाय जाय, गाडी चुकंल."

माघात तुम्हाला ताप आला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी तुम्ही नव्हता. पुढची वेळ आलीच नाही.

आता आज सकाळचं.

आई म्हणाली, "तुये बाबा घरी नाही वाचत. मोठ्यानं वाचाले शेतावर जात. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर बसत, बेहड्याच्या झाडाखाली. मी शिदोरी घेऊन गेली तं दुरूनच आवाज आयकू ये. मले पाहून चूप होऊन जात."

"तू विचारलं नाही कधी?"

"विचारलं ना. म्हने, पोरगी मास्तरीन होनार आहे. मास्तरनीचा बाप अडखळते, असं लोकायनं कायले म्हनावं?"

मग तिनं मला ती संध्याकाळ सांगितली. मला नोकरी लागली त्याच वर्षीची. तेव्हा एकदाच तुम्ही धनराजकाकांना हो म्हणाला होता. महिनाभर त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून तीच चार पानं घोटली होतीत. ठरल्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात गेलात. वाचायला उठलात आणि दारातून मी आत येताना दिसले. पहिला पगार झाला म्हणून मी न कळवता पेढे घेऊन आले होते. तुम्ही घशाला हात लावलात, "खोकला झाला जी," म्हणालात आणि ग्रंथ शेजारच्याच्या हातात दिलात.

मला ती संध्याकाळ चांगली आठवते, बाबा. तुम्ही वाचायला उठला होतात हे मला कळलंच नाही, मी येऊन तुमच्याजवळ बसले. घरी आल्यावर तुम्हाला अडुळशाचा काढा करून दिला. तुम्ही तो मुकाट्यानं प्यायलात. कडू काढा! खोकला नसताना!

मला बघून तुमचा आवाज गेला. आईनं हे सांगितलं तेव्हा मी चुलीपुढेच बसून राहिले. ती म्हणाली, "रडू नको. त्यायले तुया राग नव्हता." तेच तर, बाबा. राग असता तर मला धरायला काही तरी होतं.

आज शाळेला रजा टाकली. दुपारी अंगणात चटई घातली आणि तुमच्या फळीवरचं एक पुस्तक घेतलं. आई शिंगाडे घेऊन बसली. मी वाचायला लागले. काल वाचलं तसंच, स्वच्छ, भरभर, वर्गात वाचते तसं. पान संपलं. आईकडे बघितलं तर तिचा चेहरा कोरा.

"समजलं ना?" मी विचारलं.

"तू चांगली वाचते," ती म्हणाली, "पन एवढी घाई काहून? शब्द डोक्यात जावाच्या आधी तू फुडं निंगून जाते. तुये बाबा एक एक शब्द सोलून हातावर ठेवत. आमाले खायाले येळ भेटे."

ज्याला मी अडखळणं म्हणत होते, ते ऐकणाऱ्यांसाठी वाट बघणं होतं. तुम्हाला तरी ते कोणी सांगितलं होतं का? आईनंही नाही, गिरजाआजीनंही नाही. सांगायला माझ्याशिवाय कोण होतं? आणि मी तर चारच्या गाडीनं निघाले होते.

मी पान परत पहिल्यापासून घेतलं. हळू. जीभ ऐकेना, सारखी पुढे पळायची. शिकलेलं विसरणं किती कठीण असतं! अर्ध्या पानाला समोरून काठीचा आवाज आला. गिरजाआजी. आता तिला दिसत नाही, नातीचा हात धरून आली. "कोन वाचून रायलं?" तिनं विचारलं. आई म्हणाली, "सुजाता." आजी भिंत चाचपून बसली आणि म्हणाली, "मले वाटलं, बापू आला."

मी पानात काडी घालून पुस्तक मिटलं. मग आजीनंच म्हटलं, "वाच मंग. बसली कायले?"

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच म्हणाल, "जाऊ दे माय, कायची माफी," आणि मी पुन्हा सुटेन. या वेळी मला सुटायचं नाही.

एक शब्द मात्र देते, आणि तो पाळीन. दर शनिवारी शाळा सुटली की मी इथे करडीला, घरी येईन आणि रविवारी अंधार पडेपर्यंत राहीन. या अंगणात मोठ्यानं वाचीन. आई म्हणेल तितकं हळू, आजी विचारेल तितक्या वेळा थांबून. वर्गात कोणी अडखळलं तर पुढचा शब्द मी तोंडात घालणार नाही आणि कोणाला हसू देणार नाही. एका ओळीला अख्खा तास गेला, तर जाऊ दे. मी थांबेन, बाबा. मला आता कुठे जायची घाई नाही.

तुमच्याबरोबर पहिलीत बसलेली,
सुजाता
करडी