गूळ किती घालायचा

१० नोव्हें., सोमवार
डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. बायकोच्या, शैलाच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलाय. ऑपरेशन लगेच होईल या हिशोबाने पिशवी भरून नेली होती. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी साखर २१२ आहे, अशात डोळ्याला हात लावणार नाही. साखर खाली आणा, मग या.
वीस वर्षं ऑर्डरीच्या शेंगापोळ्या करणारी बाई, आणि परवा पोळी जळलेली तिला दिसली नाही. गिऱ्हाईकाने डबा परत पाठवला. ते तिला लागलंय.

११ नोव्हें.
साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. शै. म्हणाली, साखर नको तर गूळ तरी राहू द्या की, गूळ औषधी असतो. मलाही पटलं. संध्याकाळी जाऊन सेंद्रिय गूळ, खजूर, मध घेऊन आलो. शाळेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काढली, घरात कधी चहा केला नाही. आता रिटायर झालोय, स्वयंपाकघर माझ्याकडे. खजुराचे लाडू वळले. वाकडे, पण लाडूच.

२४ नोव्हें.
२४१. वाढली.
रोज सकाळी दोन लाडू आणि कोमट पाण्यात मध मीच देत होतो. स्वतःच्या हाताने.
डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. वय असेल अठ्ठावीस. मी काय काय देतो ते सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. त्यांनी लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं.
"काका, खजूर, मध, गूळ हे सगळं साखरच आहे हो. नैसर्गिक म्हणून रक्त सूट देत नाही."
मग शांतपणे समजावलं. गोड बंद करायची गरज नाही, पण मोजून. खाल्लं तर त्या जेवणातली भाकरी अर्धी. आणि गोडी एकदम तोडू नका, दर खेपेला थोडी उतरवा.

२५ नोव्हें.
शै.ला सांगितलं की चूक माझी. ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, चूक एकट्याची नाही. ऑर्डरीचं सारण करताना दर वेळी एक चमचा तोंडात जातो, तो कधी हिशोबात धरलाच नाही.
"वीस वर्षं मी चव बघतेय. तेवढंच तर माझं आहे."
दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. वाईट लागला.

३० नोव्हें.
गोड पानाची पूड आणली, स्टीव्हिया म्हणतात ती. दुधी भोपळ्याच्या खिरीत चमचाभर घातली. चिमूट पुरे असते हे नंतर कळलं. शै. म्हणाली, कडुलिंबाची खीर पहिल्यांदाच खाल्ली. हसली मात्र. कितीतरी दिवसांनी.

५ डिसें.
शेंगापोळीचं सारण. नेहमी एक वाटी कुटाला एक वाटी गूळ. आज पाऊण. शै. खुर्चीवर बसून नुसत्या वासावर हुकूम सोडत होती. दाणे अजून भाजा. अजून. गॅस बारीक. दाणा नीट भाजला की त्याचीच गोडी सुटते, म्हणाली. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. पोळी फाटली, पण चव आली. तिने अर्धी खाल्ली, अर्धी मला दिली.

१२ डिसें.
१६६. कागद दोनदा वाचला. गोळी, फिरणं आणि अर्धी वाटी गूळ. आता अर्ध्यावर आलोय.

१९ डिसें., वेळ अमावस्या
अक्कलकोटकडे, शै.च्या भावाच्या शेतात, पिकाची पूजा आणि तिथेच जेवण. भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या एकत्र, आंबील, बाजरीचे उंडे आणि हुग्गी, म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर. मला धास्ती होती, म्हणून घरून आमची वेगळी हुग्गी नेलेली: गूळ निम्मा, वेलची आणि खोबरं जास्त. बसवराजने, शै.च्या भावाने, चाखली. "सप्पे हाय दाजी, गोडच न्हाय. पन गव्हाची चव लई लागती." असं म्हणून वाटी पुन्हा पुढे केली.
वहिनींनी त्यांची हुग्गी आग्रहाने वाढली. मी शै.कडे बघत राहिलो. तिने एक घास घेतला आणि "साकु" म्हणून वाटीवर हात धरला. पुरे. वहिनी जरा खट्टू झाल्या.
परतताना एसटीत म्हणाली, वहिनीची हुग्गी मला सोसलीच नाही, घशाशी आली. लहानपणापासून हीच खातेय, अशी कधी लागली नव्हती.
म्हणजे जीभ बदलली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. डोळे भरले होते, ते तिला दिसलं नसेल. पहिल्यांदाच त्या मोतीबिंदूचा उपयोग.

२६ डिसें.
१३४. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी या.

३० डिसें.
उजवा डोळा झाला. पंचवीस मिनिटं. मी बाहेर. दाराकडे पाठ करून बसलेलो, का कोण जाणे.

३१ डिसें.
पट्टी काढली. शै.ने आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, किती वाळलात हो. मग घरी येऊन ओट्यामागच्या फरशीवर तेलाचे डाग मोजले. ऐकून घेतलं. एवढं हलकं वर्षात वाटलं नव्हतं.

९ जाने.
संक्रांतीसाठी शुक्रवार पेठेतल्या जुन्या गिऱ्हाईकबाईंचा फोन. पन्नास पोळ्या. शै.ने स्पष्ट सांगितलं, लाटायला माणूस ठेवीन, पण आता माझ्या पोळीत गूळ कमी असतो. त्या विचार करून कळवते म्हणाल्या. अजून कळवलं नाही. शै.ला फिकीर दिसत नाही, की दाखवत नाही.
डावा डोळा फेब्रुवारीत, साखरेची तीन महिन्यांची सरासरी बघून.

११ जाने.
जेवताना शै.ने सहज विचारलं, तुमची साखर कधी तपासली? आठवेना. नोकरीत असताना एकदा, बहुतेक. हल्ली तहान फार लागते हे मी तिला बोललो नव्हतो, तिनेच तांब्या किती वेळा भरतो ते बघितलंय. आता दिसतं ना तिला.
शै. म्हणाली, "जे येईल ते येऊ दे. रस्ता माहीत झालाय की आता."
उद्या सकाळी सातला, उपाशीपोटी. शै. बरोबर येतेय.