वरच्या खोलीचं छप्पर

३ जानेवारी. दुमागेते.

नवी वही. संकल्प एकच: यंदा चिडायचं नाही. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचा आकडा दाखवून धमकीच दिली आहे.

नवी वही म्हणून सगळं पहिल्यापासून नोंदवतो, सरकारी नोकरीची सवय. डिसेंबरच्या वादळात मिलाग्रोसच्या घराचं छप्पर उडालं. अर्धं शेजारच्या नारळात अडकलं, अर्धं अजून सापडलेलं नाही. वर निळी ताडपत्री बांधली आहे. मी वरच्या खोलीत राहतो, म्हणजे ताडपत्रीखाली. सहा वर्षांपासूनचा भाडेकरू आहे, त्यापलीकडे काही नाही. मिलाग्रोस विधवा, रिटायर्ड शाळामास्तरीण. घराच्या पुढच्या अंगाला तिचं किराणा दुकान आहे. माझं जेवण तिच्याकडेच.

परवा नववर्षाच्या जेवणाला सगळी गल्ली होती. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, की पावसाच्या आत या घरावर नवीन छप्पर चढेल, माझ्या खर्चाने. टाळ्या पडल्या. मिलाग्रोस म्हणाली, सर, आधी खाली बसा, सूप गार होतंय.

४ जानेवारी.

पैसे कुठून आणायचे? पेन्शन महिन्याला येते आणि महिन्यातच संपते. उरलेली पुंजी व्हिसाच्या ठेवीत अडकली आहे. म्हाताऱ्या परदेशी माणसाला इथे राहायचं तर डॉलर बँकेत ठेवायचे आणि लांबून बघायचे. पैसे माझे, खातं माझ्या नावाचं, आणि काढायचे म्हटलं तर सेबूच्या व्हिसा ऑफिसची परवानगी.

ठरलं. अर्धी ठेव काढायची. एका दिवसाचं काम आहे.

९ जानेवारी. सेबू, बोटीची वाट बघताना.

संकल्प मोडला. माझा दोष नाही.

काउंटरवर मिस विलाफ्लोर नावाची मुलगी. माझे बूटसुद्धा तिच्यापेक्षा वयाने मोठे असतील. म्हणाली, सर, अर्धी मिळत नाही. ठेव परत हवी तर व्हिसा रद्द करावा लागतो. म्हणजे छप्पर मी घालायचं, पण त्याखाली राहायचं नाही. हा कुठला न्याय, असं विचारलं. तर म्हणे, सर, हाच नियम आहे. वर हसली.

नियम मला कोणी शिकवू नयेत. माझ्या देशात, वुलनगाँगच्या नगरपालिकेत, मी जन्मभर पार्किंग इन्स्पेक्टर होतो. काउंटरमागचा माणूस कसा हलतो ते मला बरोबर ठाऊक आहे. आवाज चढवायचा. (माझ्यासमोर कोणी आवाज चढवला तर मी दंड कायम ठेवायचो. पण तेव्हा बरोबर मी होतो.)

आवाज चढवला. म्हणालो, मग करा रद्द, मी देशच सोडून जातो. म्हणाली, येस सर, फॉर्म देते. तिच्या हातातला कागद थरथरत होता. वर पंखा होता, पण तेवढ्याने कागद थरथरत नाही. चांगलीच घाबरली.

१० जानेवारी.

मिलाग्रोसने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, वाटाघाटी चालू आहेत. म्हणाली, छपराचं राहू द्या हो सर, ताडपत्री नवीन आहे, काढू वर्ष कसंबसं. या बाईला महत्त्वाकांक्षा म्हणून नाही.

रात्री ताडपत्रीतून पलंगावर पाणी. बादली ठेवली. बादली गळकी.

२२ जानेवारी.

फॉर्म भरून पाठवला. ही निव्वळ खेळी आहे. सहा वर्षांचा जुना, स्वच्छ वर्तनाचा रहिवासी असा तडकाफडकी निघाला की वरच्या साहेबांपर्यंत बातमी जाणार. फोन येणार. म्हणणार, मिस्टर टॅपस्कॉट, असं करू नका, काय हवं ते सांगा. मग मी शांतपणे छपराचा विषय काढणार.

मिलाग्रोसला यातलं काही सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसेल.

५ फेब्रुवारी.

फोन नाही. साहेब बहुधा रजेवर असेल.

आज आमच्या गल्लीतल्या गार्डोच्या ट्रायसिकलमधून, म्हणजे इथल्या रिक्षातून, बाजारात गेलो. वाटेत त्याला सगळं ऐकवलं. म्हटलं, असल्या देशात राहणार नाही, चाललो मी. गार्डोने एकदम वेग कमी केला. मला वाटलं, माणसाला लागलं. चौकात गाडी थांबवून मागे वळला आणि म्हणाला, नोंग (म्हणजे दादा) मर्व, जाताय तर मग तो राइस कुकर... आर्बोर.

इथली ही एक भयंकर पद्धत आहे. दुसऱ्याची वस्तू आवडली की 'आर्बोर' म्हणायचं. म्हटलं की ती वस्तू मागितली गेली. नाही म्हणणारा कद्रू ठरतो. मी कद्रू नाही. कुकर दिला. जायचं तर नाहीच आहे, मग परत मागता येईल.

१९ फेब्रुवारी.

गार्डोच्या तोंडात तीळ भिजत नाही. पंखा गेला. कापितानने, म्हणजे आमच्या वस्तीच्या प्रमुखाने, वेताची खुर्ची नेली. अख्ख्या गल्लीत ती माझी एकच धड बसायची जागा होती. रेनकोट पुन्हा गार्डोनेच नेला. न्हाव्याने माझा फिशिंग रॉड मागितला. तो मासे खातच नाही. विचारलं तर म्हणाला, सर, तुमची आठवण.

कोणी एकाने तरी म्हणावं ना, नका जाऊ. वस्तूंना किंमत आहे, माणसाला नाही. संताप झाला.

मिलाग्रोसने काहीच मागितलं नाही. सकाळी विचारलं ते एवढंच, की दुपारी मुगाची आमटी करू का मासा. सहा वर्षं एका टेबलावर जेवलो आणि या बाईला माझी एक वस्तूसुद्धा नको.

मासा, असं मी तुटकपणे सांगितलं.

८ मार्च.

सेबूहून फोन! मिस विलाफ्लोर. मी मुद्दाम तीन रिंग वाजू दिल्या.

म्हणाली, सर, पोलिसांचा दाखला आणि ओळखपत्र जमा करायचं राहिलंय. माफी नाही, विनवणी नाही, साहेबाचा उल्लेखसुद्धा नाही. आणि वर गोड आवाजात म्हणते, की सर, रद्द झाल्यावर टुरिस्ट म्हणून राहता येईल, मुदत वाढवून वाढवून बरेच लोक राहतात.

टुरिस्ट! गळ्यात कॅमेरा अडकवून डॉल्फिन बघायला येतात ते टुरिस्ट. मला इथल्या न्हाव्याच्या जावयाची कर्जं माहीत आहेत. मी तिला स्पष्ट सांगितलं, की मी मरेन पण टुरिस्ट होणार नाही. म्हणाली, येस सर.

आता माघार घेतली तर ती पोरगी जन्मभर हसेल. दाखला उद्याच काढतो. शेवटच्या क्षणी तेच नमतील.

२ एप्रिल.

व्हिसा रद्द. ठेव खात्यात जमा. सगळीच्या सगळी.

मी हादरलोच. पैसे कसे अडवतात, किती खेटे घालायला लावतात, यावर वर्तमानपत्राला लिहायचं पत्र मी अर्धं लिहून ठेवलं होतं. आता त्याचं काय करू? एकाने विचारू नये, की बाबा, का जातोस? ओळखपत्राला भोक पाडलं आणि नीट जा म्हणाले. इतक्या कार्यक्षमतेने माझा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

असो. पैसे हातात आहेत. छप्पर होणार. शब्द म्हणजे शब्द.

२६ एप्रिल.

छप्पर झालं. हिरवा पत्रा, रंग मिलाग्रोसने निवडला. मी लाल म्हणत होतो. शिवाय वरच्या खोलीत नवीन लाकडी छत, रुंद खिडकी आणि कोपऱ्यात छोटी मोरी. हे ठरलं नव्हतं, पण करायचं तर नीट. ठेव जवळजवळ संपली.

संध्याकाळी पाइप लावून पाणी मारून बघितलं. एक थेंब गळला नाही. मिलाग्रोस रस्त्यावर उभी राहून खूप वेळ वर बघत होती. मग तिने डोळे पुसले. मी म्हणालो, उन्हाने होतं असं. ती म्हणाली, हो सर, उन्हाने.

सांगायची हीच वेळ होती, की खरं म्हणजे मला जायचं नाही. पण माझं म्हणणं साधं आहे. आधी तिने विचारावं. एक वाक्य. मी लगेच थांबलो असतो, टुरिस्ट होऊनसुद्धा. पण ती म्हणाली, चहा ठेवते.

तिकीट काढलं. बसू दे चहा घेऊन.

१७ मे.

माझी देस्पेदिदा. म्हणजे निरोपाची पार्टी, जी इथे माणूस बोटीवर चढला नाही तरी टळत नाही. गल्लीने वर्गणी काढून अख्खं डुक्कर भाजलं. माझ्या पंख्याच्या वाऱ्यात, माझ्या कुकरमधला भात खात सगळ्यांनी मला निरोप दिला. कापितानने भाषण केलं, माझ्या खुर्चीतून. न उठता. न्हाव्याने कराओकेवर चार गाणी म्हटली आणि चारही वेळा माईक माझ्या नाकाखाली धरला.

मी मिलाग्रोसकडे बघत होतो. ती वाढत होती. सगळ्यांना वाढून झालं तेव्हा पदार्थ संपले होते, मग ती भांडी घासायला गेली. शेवटी सुक्या आंब्यांची पाकिटं हातात ठेवली. म्हणाली, ही तुमच्या बहिणीला, आणि सर, विमानात मोजे घाला, पाय गार पडतात तुमचे.

सहा वर्षं आणि मोजे. रागाने झोप लागली नाही. छप्पर मात्र छान आहे.

२३ मे. वुलनगाँग.

बहीण डोरीनकडे. शिवणकामाच्या खोलीत कॉट टाकली आहे. कॉटच्या डोक्याशी कापड लावायचा पुतळा. रात्री जाग आली की तो बघत असतो. थंडी. मोजे घातले.

दारात पाऊल टाकताच डोरीनने विचारलं, किती दिवस आहेस? मी म्हणालो, कायमचा आलोय. ती म्हणाली, असं? मग मंगळवारी कचऱ्याचा डबा बाहेर काढायचं काम तुझं.

संकल्प: दुमागेतेचा विचार करायचा नाही.

९ जून.

गार्डोचा व्हिडिओ कॉल. पाऊस धो धो. अंगात माझा रेनकोट. म्हणाला, नोंग मर्व, बघा तुमचं छप्पर, थेंब नाही. आणि फोन घेऊन जिना चढला. वरच्या खोलीत, माझ्या खिडकीत, एक लांबलचक गोरा माणूस पाय पसरून बसला होता. उर्स. स्वित्झर्लंडचा. नवा भाडेकरू. गार्डोनेच बंदरावरून आणला. व्हिसा: निवृत्तांचा. ठेव: भरलेली.

उर्सने हात हलवून सांगितलं, की खोली फार सुंदर आहे, ज्याने बांधली त्याचे आभार.

तळपायाची आग मस्तकात गेली. डोरीनला म्हणालो, बस झालं, मी परत अर्ज करतो, ठेव भरतो, रीतसर. ती म्हणाली, कशातून भरतोस, छप्पर विकून?

फार लागट बोलते. लहानपणापासून.

२८ जून. दुमागेते.

आलो. पासपोर्टवर टुरिस्टचा शिक्का. शिक्का मारणाऱ्याने डॉल्फिनचं पत्रक हातात दिलं.

मिलाग्रोस दुकानात तांदूळ मोजत होती. मान वर करून म्हणाली, आलात? आणि पुन्हा मापाकडे बघायला लागली. वरची खोली उर्सची, वर्षभरासाठी, शब्द दिला आहे म्हणाली. माझी सोय दुकानामागे, तांदळाच्या पोत्यांशेजारी, घडीच्या पलंगावर. मुदत कधी वाढवायची ते तिने कॅलेंडरवर खूण करून ठेवलं. दुकानात येईल त्याला सांगते, हे आमचे टुरिस्ट.

जेवण झाल्यावर राहवलं नाही. सगळं बाहेर काढलं. म्हणालो, छप्पर घातलं, व्हिसा घालवला, बहिणीच्या घरी पुतळ्याशेजारी झोपलो, आणि तू एकदा, एकदासुद्धा म्हणाली नाहीस, की थांब. आवाज बराच चढला. वरून उर्सने विचारलं, सगळं ठीक ना?

मिलाग्रोसने हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, सर, तुम्ही ऑफिसला सांगितलंत, गार्डोला सांगितलंत, कापितानला सांगितलंत. मला कधी सांगितलंत? मला कळलं गार्डोकडून. कुकर नेला तर चालेल का, असं विचारायला आला होता तो. मग मी वाट बघत बसले. छप्पर झालं त्या दिवशी वाटलं, आता बोलतील. तुम्ही ऊन म्हणालात. इतकी वर्षं आमच्यात राहिलात, एवढंसुद्धा शिकला नाहीत? हवं असेल ते मागायचं असतं. गार्डोने कुकर मागितला, त्याला कुकर मिळाला. तुम्ही काय मागितलंत?

एवढं बोलून ती थांबली. वाट बघत थांबली, हे मलासुद्धा कळलं. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. कुठे काही गळत नव्हतं. शब्द तोंडाशी आला होता. साधा शब्द, गार्डोने कुकरसाठी म्हटलेला, इथलं शेंबडं पोरसुद्धा म्हणतं तो.

मी तिच्याकडे उशी मागितली.

मिळाली.